मांजराकडे न बघण्याचं काम

"राऊत, तुमचं मांजर घेऊन जा. मला नको."

सकाळी साडेनऊला चुरीबाईंचा फोन. मी तो कानापासून वीतभर लांब धरला. बाईंनी पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलं, तेही शेवटच्या रांगेतल्या पेंगणाऱ्या पोराला जाग येईल अशा आवाजात. बाई निवृत्त झाल्या, आवाज झाला नाही.

"काय झालं, बाई?"

"तीन दिवस कपाटामागे बसलंय. खात नाही, पीत नाही. मी काय त्याचं घोडं मारलंय?"

"येतो," म्हटलं आणि स्कूटर काढली.

आधी माझं काम सांगतो. बत्तीस वर्षं मी डहाणू आणि तलासरी तालुक्यांत पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे गुरांना लसी टोचायच्या, अडलेल्या म्हशी सोडवायच्या. लोक डॉक्टर म्हणायचे, मी डॉक्टर नाही. निवृत्तीनंतर घरी बसून बायकोच्या फोडणीत चुका काढायला लागलो, तेव्हा तिनेच मला डहाणूच्या एका प्राण्यांच्या शेल्टरमध्ये चिकटवून दिलं. तिथे माझ्याकडे फॉलो-अप आहे. कुणी मांजर दत्तक नेलं की पहिला महिना ट्रायलचा असतो. त्या महिन्यात घरी जाऊन मी बघतो, मांजर रुळतंय का. रुळलं तर सही, नाही तर परत.

या मांजराचं नाव राखी. अंगाचा रंग राखेचा, म्हणून राखी. डाव्या कानाचं टोक कापलेलं, म्हणजे नसबंदी झाल्याची खूण. वय दोन वर्षं. स्वभाव म्हणाल तर भित्रा. दोनदा दत्तक गेली आणि दोनदा परत आली. पहिल्या घरातल्यांनी सांगितलं, फ्रीजखालून निघतच नाही, तर मांजर कशाला म्हणायचं? दुसरं घर विवळवेढ्याचं. यात्रेच्या दिवसांत तिथे पाहुणे आले, हिने खिडकीतून उडी टाकली आणि चार दिवसांनी पेंढ्याच्या उडवीत सापडली.

आमच्या मॅनेजर नेहा मॅडम. वयाने माझ्या मुलीएवढ्या, नियमाला माझ्या जुन्या साहेबांपेक्षा कडक. त्यांचा नियम असा, की तीनदा परत आलेलं मांजर दत्तक द्यायच्या यादीतून बाद. पुन्हा पुन्हा घर बदललं की प्राणी खचतो, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण बाद म्हणजे जन्मभर शेल्टरचा पिंजरा. तीन फूट बाय तीन फूट. मांजर सहज पंधरा वर्षं जगतं. चुरीबाईंकडून परत येणं हे राखीचं तिसरं परत येणं ठरलं असतं.

नरपडला बाईंचं घर चिकूच्या वाडीत आहे. यजमान गेल्यापासून एकट्याच असतात. मुलगा बडोद्याला. दत्तक घेण्याच्या फॉर्मवर 'मांजर का हवे' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'घरात माझ्याच आवाजाचा कंटाळा आला आहे.' मी तो फॉर्म वाचला तेव्हाच ठरवलं होतं, हे जमवायचं.

गेलो तर ओटीवर शेजारच्या हंसाताई उभ्या. "राऊतभाऊ, मांजर काढा ना बाहेर. सगळ्यांनी बघितलं, मीच नाय बघितलं अजून."

"सगळ्यांनी म्हणजे किती?"

बाईंनी हिशोब दिला. पहिल्या दिवशी अकरा माणसं. घरात नवं कुणी आलं म्हणून दारात औक्षण. निरांजन तोंडासमोर धरल्यावर राखी जी पळाली ती कपाटामागे. मग बाईंनी तिला मानगुटीला धरून काढलं आणि बशीभर दूध पुढे ठेवलं. पुन्हा पळाली. पुन्हा काढलं. गळ्यात घुंगरू बांधलं. आणि दर अर्ध्या तासाने कपाटाशी वाकून हाक, "राखीऽऽ!" ती हाक मी नुसती कल्पनेत ऐकली आणि माझेच कान मागे गेले.

प्रेमाने केलेल्या पाहुणचाराला चूक म्हणणं जड जातं. पण मांजराच्या बाजूने बघा. अनोळखी घर, अकरा चेहरे, तोंडापुढे जाळ, गळ्यात वाजणारं काहीतरी. शिवाय बाईंनी वाळूचा ट्रे जेवणाच्या बशीला खेटून ठेवला होता. संडासात पान वाढलं तर तुम्ही जेवाल का?

"ट्रेमध्ये काही केलंय?" मी विचारलं.

"काल एकदा. सकाळी दिसलं."

म्हणजे कुणी नसताना बाहेर येत होती. थोडा जीव भांड्यात पडला, सगळा नाही. मांजर सलग तीन-चार दिवस उपाशी राहिलं तर त्याचं लिव्हर बिघडतं. म्हटलं, "उद्यापर्यंत खाल्लं नाही तर मी हिला आमच्या डॉक्टरांकडे नेणार. तोवर मी सांगतो तसं करा."

मागची लहान खोली रिकामी करून घेतली. खिडकीला जाळी होतीच. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून आत बाईंचं जुनं लुगडं घातलं. ट्रे एका कोपऱ्यात, बशी दुसऱ्या. दूध बंद, कारण बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही. उकडलेल्या मासळीवर चिमूटभर सुका जवळा चुरून घातला. घुंगरू कापलं.

"आणि हाक मारायची नाही. धरायचं नाही. जेवण ठेवून बाहेर यायचं. समोर गेलात तरी तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. मांजराला रोखलेली नजर म्हणजे धमकी वाटते."

"बघायचं नाही?" बाई म्हणाल्या. "राऊत, मी फळ्यावर लिहीत असताना पाठीमागे कोण चिंच खातंय ते मला कळायचं. बघणं हेच माझं काम होतं."

"आता न बघणं हे काम."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "बशी चाटूनपुसून स्वच्छ." ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले.

पण गाडी तिथेच अडली. बाराव्या दिवसापर्यंत राखी खायची, पण खोलीत चिटपाखरूही नसताना. बाई आत आल्या की खोक्यात. बाई रोज मला विचारायच्या, मी रोज "धीर धरा" म्हणायचो. शेवटी त्या कडाडल्या, "मी मांजर पाळलेलं नाही, खानावळ चालवतेय. गिऱ्हाईकाचं तोंडही दिसत नाही. घेऊन जा."

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी माझा रिपोर्ट पुढे ओढला.

"सर, बारा दिवसांत प्रोग्रेस शून्य. आणा परत. बाईंना एखादं पिल्लू देऊ, खेळकर. त्या खूश होतील."

"आणि राखी?"

"सर, मलाही वाईट वाटतं."

"महिना पूर्ण होऊ दे की."

"बाईच नको म्हणतायत ना? जबरदस्तीने दिलेलं मांजर उपाशी मरतं, हे तुम्हीच मला शिकवलंत."

माझंच वाक्य माझ्या अंगावर आलं. कॅरिअर, म्हणजे मांजर न्यायचा प्लास्टिकचा पिंजरा, स्कूटरला बांधून मी नरपडला गेलो. माझं डोकं तापलेलं होतं. बाईंनी चहा दिला. मी कप उचलला आणि नको ते बोलून गेलो.

"बाई, खरं सांगू? तुम्ही मांजर पाळत नाही, तुम्ही त्याची हजेरी घेता. दर तासाला दार किलकिलं करून बघता ना? आलीय का, आलीय का?"

बाईंचा चेहरा लाल झाला. आता हे मांजर माझ्या अंगावर फेकतात की काय, असं वाटलं. पण त्यांनी तोंड वाडीकडे वळवलं. मग त्यांच्या सवयीपेक्षा बऱ्याच खालच्या आवाजात बोलल्या.

"मला पहिलं पोस्टिंग तलासरीला मिळालं. आत, एका पाड्यावर. वीस वर्षांची होते. इथला समुद्र सोडून कधी कुठे गेले नव्हते. शाळेला लागूनच एक खोली दिली होती. शाळा सुटली की मी आतून कडी लावायची आणि रडायची. लोक चांगले होते, पण मला त्यांची बोली कळेना, त्यांना माझी. राजीनामा लिहून ठेवला होता."

"मग?"

"शेजारी जमनीबाई राहायची. ती रोज संध्याकाळी यायची आणि माझ्या ओट्यावर बसायची. दाराकडे पाठ करून. सूप घेऊन तांदूळ निवडायची. हाक नाही, काही नाही. अंधार पडला की उठून जायची. मी फटीतून बघायची. आठ-दहा दिवस गेले. मग एक दिवस मीच कडी काढली आणि तिच्या शेजारी जाऊन बसले."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. सूप थोडं माझ्याकडे सरकवलं."

बाई उठल्या. स्वयंपाकघरातून सूप आणलं, त्यात दोन मुठी तांदूळ घेतले आणि मागच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं. मला ओटीवरून दिसत होतं. खोक्याकडे पाठ करून त्या जमिनीवर बसल्या आणि खडे वेचायला लागल्या. त्या दिवशी खोक्यातून काहीही बाहेर आलं नाही. मी अर्धा तास थांबून रिकामं कॅरिअर घेऊन परत आलो.

"मांजर कुठेय?" मॅडम.

"महिना संपायचाय अजून. आणि बाईंनी मागणी मागे घेतली."

"कारण काय लिहू?"

"तांदूळ निवडतायत."

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, की तेव्हा मी मांजर असतो तर कपाटामागे गेलो असतो.

त्यानंतर बाई रोज बरोबर पाचला सूप घेऊन बसायच्या. रोज तीच वेळ, तीच जागा. प्राण्याला यासारखा दिलासा नाही. चौथ्या दिवशी मागे कागद चुरल्यासारखा आवाज झाला, म्हणजे खोक्यातून डोकं बाहेर आलं असणार. बाईंनी वळून पाहिलं नाही. सातव्या दिवशी कुणीतरी पदर हुंगला. बाईंनी वळून पाहिलं नाही. दहाव्या दिवशी सुपाच्या काठावर एक राखाडी पंजा आला. त्या मला फोनवर म्हणाल्या, "राऊत, पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतका त्रास झाला नव्हता." त्यांनी सूप थोडं सरकवलं, इतकंच.

आणि राखी आल्यापासून चोविसाव्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. नाव बाईंचं, पण आवाज येईना.

"हॅलो? बाई? बऱ्या आहात ना?"

"हळू बोला," बाई कुजबुजत होत्या. "मांडीवर आहे. घुरघुरतेय."

मी बाजारात कोळणीसमोर उभा होतो. तिथेच मीही कुजबुजायला लागलो. बोंबील तोलता तोलता ती बाई माझ्याकडे बघत राहिली. तिला काय सांगणार? डोळे भरून आले होते, ते मात्र मी लपवले नाहीत.

तरी शेवटची परीक्षा बाकी होती. राखीची केस दोनदा बिघडलेली, त्यामुळे तिसाव्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. चारचाकी, ड्रायव्हर, हातात फॉर्म. त्यात एक ओळ होती, 'मांजर माणसांमध्ये वावरते: होय किंवा नाही'. गाडी थांबली तशा हंसाताई दोघी मैत्रिणींना घेऊन हजर झाल्या. गाडीची दारं धडाधड लागली. एवढा वेळ ओटीवर उन्हात लोळणारी राखी क्षणात घरात पसार झाली.

"सर," मॅडम म्हणाल्या, "माझी फार इच्छा आहे. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी 'होय' कसं लिहू?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात चुरीबाई दारात आल्या. हातात ताटल्यांची चळत.

"सगळे खाली बसा. पाठ घराकडे, तोंड वाडीकडे."

हा तो जुना आवाज होता. मॅडम बसल्या. ड्रायव्हर बसला. हंसाताई, त्यांच्या मैत्रिणी, मी, सगळे एका रांगेत. प्रत्येकासमोर ताटली, ताटलीत मूठभर तांदूळ.

"निवडा. बोलायचं नाही. मागे बघायचं नाही."

आम्ही निवडायला लागलो. पाच मिनिटांनी ड्रायव्हरचा मोबाईल वाजला. बाईंनी नुसता हात पुढे केला. त्याने मुकाट्याने मोबाईल बंद करून त्यांच्या तळव्यावर ठेवला. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. माझ्या ताटलीतले खडे संपले, तेव्हा मी चांगले तांदूळ इकडून तिकडे करत बसलो. मॅडमना एकदा शिंक येणार होती, ती त्यांनी ओढणी तोंडावर दाबून परतवली.

मग हंसाताईंचा श्वास अडकलेला ऐकू आला. त्यांनी डोळ्यांनीच खाली दाखवलं. त्यांच्या कोपराला एक शेपूट घासून पुढे गेलं होतं. शेपूट ताठ उभं. मांजराचं शेपूट उभं असलं की समजावं, स्वारी खुशीत आहे. ती ड्रायव्हरच्या मागून गेली. माझ्या मागून गेली. मग काही कळेना.

"सर," मॅडम ओठ न हलवता म्हणाल्या, "ती माझ्या पाठीला अंग घासतेय."

"बघू नका," बाई म्हणाल्या.

मॅडमनी मागे पाहिलं नाही. त्यांनी ताटली बाजूला केली, फॉर्म गुडघ्यावर घेतला आणि चिकूच्या झाडांकडे बघत 'होय' लिहून खाली सही ठोकली. सही जरा वाकडी आली, पण चालते.

राखी आता नरपडलाच आहे. हंसाताईंनी तिला अखेर पाहिलं, आता तर रोज पाहतात. मॅडमनी मला ही पद्धत लिहून द्यायला सांगितली, इतर घरांना उपयोगी पडेल म्हणून. मी एवढंच लिहून दिलं: मांजराला शिस्त लावता येत नाही, ती भोवतालच्या माणसांना लावावी लागते. आणि त्यासाठी घरात एक खमकी बाई असलेली बरी.