खुदादादशेठचा गहू

नगरच्या स्टेशन रस्त्यावर खुदादादशेठ इराणी यांचं हॉटेल आहे. कचेरीला जाताना पावणेदहाला मी तिथे एक चहा आणि एक खारी घेत असे. पंधरा वर्षं ही वेळ चुकली नाही. शेठ चौदाव्या वर्षी इराणातल्या यझ्दजवळच्या खेड्यातून चुलत्याबरोबर मुंबईला आले, तिथे कपबशा विसळल्या आणि मग नगरला स्थायिक झाले. लग्न केलं नाही. मराठी छान बोलतात, फक्त सगळ्यांनाच 'तुमी' म्हणतात, टांग्याच्या घोड्यालासुद्धा.

एकवीस मार्चला त्यांचं नवं वर्ष. त्या दिवशी गल्ल्याशेजारच्या मेजावर पांढरी चादर, तिच्यावर आरसा, दिवा, सफरचंद, लसूण, सिरका आणि पसरट बशीत रुजवलेला बोटभर उंचीचा हिरवा गहू. येणाऱ्याच्या तळहातावर गुलाबपाणी शिंपडून शेठ आरसा पुढे धरत.

"तुमी तोंड बघा, हसा. वर्ष तसंच जाईल."

त्या दिवशी चहा फुकट.

१९७३ चा मार्च दुष्काळाचा होता. घरोघर रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी. मेजावर गहू दिसला आणि मी भरल्या हॉटेलात बोलून गेलो, "शेठ, लोकांना खायला नाही आणि तुम्ही गव्हाचं गवत करून आरशापुढे मांडता? हा देश तुमचा असता तर असं केलं नसतं."

शेठनी बशी उचलली, बाहेर नेली आणि पीरमहंमद टांगेवाल्याच्या घोड्यापुढे धरली. "खावा तुमी," ते घोड्याला म्हणाले. घोड्याच्या फासळ्या दिसत होत्या. दोन घासांत बशी रिकामी झाली.

पीरमहंमद माझ्याजवळ आला. "सायेब, मूठभर गहू हुता. म्याच दिल्ता, माझ्या कार्डावरचा. वर्साचा सण हाय म्हनलं त्यांचा."

घरी पत्नीला सांगताना मी माझीच बाजू मांडत होतो. तिने ऐकून घेतलं. "अहो, नवरात्रात आपल्या घटाखाली काय उगवलं होतं? तेव्हा काय पाऊस पडला होता? दसऱ्याला तेच कोंब टोपीत खोवून कचेरीत गेलात की!"

त्यानंतर वर्षभर मी लांबच्या रस्त्याने कचेरीला गेलो. कचेरीत कुणी कारण विचारलं, तर उन्हाचं सांगायचो.

पुढच्या मार्चमध्ये पंधरवडा आधी मी ताटलीत गहू रुजत घातला. एकवीस तारखेला रुमालाखाली झाकून हॉटेलात नेला. मेजावर बाकी सगळं होतं. आरशापुढची जागा तेवढी मोकळी होती. रस्त्याने एक वाक्य मनात घोकत आलो होतो. ते तोंडातून निघेना. मी नुसती ताटली पुढे केली.

शेठनी रुमाल उचलला. "साहेब, रेशनचा नाही ना?"

हॉटेल हसलं, सगळ्यात मोठ्याने पीरमहंमद. शेठनी ताटली मोकळ्या जागी ठेवली, माझ्या हातावर गुलाबपाणी शिंपडलं आणि आरसा धरला.

"तुमी तोंड बघा."

मी आरशात गव्हाकडे बघितलं.

"बरं," शेठ आरसा खाली ठेवत म्हणाले. "उद्या पावणेदहाला या. खारी ठेवतो."

तेव्हापासून रोज जातो. पुढच्या वर्षी मी सेवानिवृत्त होईन. ते वाक्य अजून बोललेलो नाही.