टेबलाखालचा भोपळा

चर्चमधल्या आंटींनी आईच्या हातातला भोपळा घेतला आणि टेबलाखाली ठेवला. मग पायाने आणखी आत सरकवला.

"तुम्ही कशाला आणलंत? तुम्हाला तर आम्हीच देतो ना," त्या म्हणाल्या. अगदी गोड आवाजात.

कापणीचा सण होता. आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी प्रत्येक घर देवासाठी काहीतरी आणतं. केळीचा घड, तांदूळ, घरी भाजलेला केक, पाय बांधलेली कोंबडी. सगळं टेबलावर मांडतात आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. हसत-खिदळत बोली लागते. घेतलेली वस्तू लोक परत टेबलावर ठेवतात, पुन्हा बोली लागते. त्यातून चर्चचा खर्च निघतो. टेबलावर जागा नव्हती असं नाही. केकच्या शेजारी दोन भोपळे आरामात मावले असते.

भोपळा खाली गेला आणि मी वर गेले. आंटींनी मला काखेत धरून उचललं आणि टेबलाशेजारच्या स्टुलावर उभं केलं. नऊ वर्षांची होते मी. समोर खुर्च्यांवर मुंबईहून आलेले पाहुणे, त्यांच्यामागे सतरंजीवर आम्ही. आंटींनी एक हात माझ्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्या हातात माइक घेतला.

"हिचा बाप दारुडा होता. घरातली भांडीकुंडी विकून प्यायला. दारूनेच गेला. ही पोर उकिरड्यावरचं वेचून खायची. प्रभूने हिला आमच्या दारात आणलं."

मग माइक माझ्या तोंडाशी आला. "बोल बाळ, आमेन."

मी आईला शोधत होते. ती शेवटच्या रांगेत, पदर तोंडावर धरून. मान खाली.

"आमेन," मी म्हणाले.

टाळ्या वाजल्या. पुढच्या खुर्चीतली एक बाई रुमालाने डोळे पुसत होती. त्यानंतरची बोली जोरात लागली. केळीच्या एका घडासाठी दोन पाहुण्यांत चढाओढ झाली. मी स्टुलावरच होते. मला उतरवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

माझा बाप दारू पीत नव्हता.

वज्रेश्वरीच्या बाजूच्या एका पाड्यावरचा आदिवासी माणूस. डोंगर सोडून भिवंडीत लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर, आला. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. कारखान्यात कापसाची लव उडते, ती त्याच्या छातीत बसली. खोकून खोकून गेला. तंबाखू खायचा, हे खरं. डोकं लवकर तापायचं, हेही खरं. पण बाटलीला त्याने कधी हात लावला नाही. कारखान्यातले लोक चिडवायचे, "क्या मंगल, पादरी बनेगा क्या?" तो नुसता हसायचा.

आम्हाला चर्चमध्ये त्यानेच आणलं. कुणी तांदूळ दिले म्हणून नाही. त्याला तिथली गाणी आवडली म्हणून. शनिवारी शिफ्ट सुटली की तो हॉलवर जायचा, सतरंज्या बाहेर नेऊन झटकायचा, झाडू मारायचा, सतरंज्या परत अंथरायचा. कुणी सांगितलं नव्हतं. आणि कापणीच्या सणाला तो पाड्यावरून भोपळा आणायचा. झोपडीवर चढवलेल्या वेलाचा, एसटीत मांडीवर धरून आणलेला. तो भोपळा टेबलाच्या मधोमध असायचा. "मंगळ्याचा भोपळा!" असं ओरडून चर्चचे पाळकसाहेब स्वतः पहिली बोली लावायचे. बाप भिंतीला टेकून उभा असायचा आणि सगळे दात दाखवत राहायचा. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तो मेला. त्यानंतर आंटी ठाण्याहून आमच्या चर्चमध्ये आल्या. गरजूंना मदत करायचं काम त्यांनी हातात घेतलं आणि आम्ही गरजू झालो. ज्या सतरंजीवर त्या येऊन बसल्या ती इतकी वर्षं झटकणारा माणूस कोण होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी विचारलंही नाही. पाळकसाहेबांना मात्र सगळं ठाऊक होतं. मी स्टुलावर होते तेव्हा ते पहिल्याच रांगेत होते. त्यांनी ब्र काढला नाही.

घरी जाताना मी आईला विचारलं, "बाबा कुठं पीत होते?"

"न्हाय पीत व्हता. देवाला ठावं हाय," आई म्हणाली. "तू गप ऱ्हा. पिशवी जड हाय, एक बंद तू धर."

आंटींनी दिलेल्या त्या पिशवीत तांदूळ होते, डाळ होती, तेल होतं. तो महिना आम्ही त्यावर काढला. खोटं का बोलू?

मग दर वर्षी सण, दर वर्षी स्टूल. दर वर्षी बाप थोडा जास्त वाईट व्हायचा. एका वर्षी त्याने माझं दप्तर विकलं. एका वर्षी त्याने आईला रस्त्यावर काढलं. मी उभी राहायची आणि शेवटी आमेन म्हणायची. मोठी झाल्यावर स्टूल गेलं, मी जमिनीवर उभी राहू लागले. बाकी सगळं तेच.

आंटी वाईट नव्हत्या. हाच तर फास होता. त्या कधी ओरडल्या नाहीत. माझी फी भरली, वह्या दिल्या. आईला दमा लागला. तीही कारखान्यात कांड्यांवर सूत भरायची, तीच लव तिच्याही छातीत गेली. तेव्हा तिचा ओढायचा पंप दर महिन्याला आंटींनी आणून दिला. रागावणाऱ्या माणसाशी भांडता येतं. दया करणाऱ्याशी कसं भांडणार? तोंड उघडायच्या आधीच आपण कृतघ्न ठरतो.

बारावी झाले. आंटींचे मिस्टर मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये मोठे साहेब होते. आंटींनी शब्द टाकला आणि मला पॅकिंगला घेतलं. आता आईचा श्वास त्यांच्या हातात आणि आमची चूलही. मी हसून "थँक यू आंटी" म्हणाले.

एकदा पाड्यावर गेले तर काकाने मोबाइल पुढे केला. चर्चचा व्हिडिओ कुणीतरी पाठवला होता. त्यात मी उभी, आंटी बोलतायत.

"मंगळ्या दारू पीत व्हता?" काकाने विचारलं. "माजा सख्खा भाव. मना कसा ठावं न्हाय?"

मी काय सांगणार होते? म्हटलं, चर्चमध्ये असं बोलतात. काका उठून बाहेर गेला. मला त्या दिवशी भिवंडीत परत यावंसंही वाटेना आणि पाड्यावर थांबावंसंही वाटेना.

यंदा हॉलचे पत्रे गळायला लागले. स्लॅब टाकायचा, त्यासाठी मोठे पाहुणे येणार. आंटींनी मला बोलावलं.

"तू आता मोठी झालीस गं. लोकांना लहान मूल बघितलं की भरून येतं. ती रोशनी आहे ना, तिला तयार कर. तुझ्यासारखी."

रोशनी आठ वर्षांची. तिचा बाप उत्तर प्रदेशातून आलेला. लूमच्या पट्ट्यात त्याचा उजवा हात गेला, तेव्हापासून घरी बसून आहे. आई कांड्या भरते. शनिवारी हॉलमध्ये रोशनीला समोर बसवलं आणि माझ्याच तोंडून शब्द निघाले, "बोलो, मेरे पापा शराब पीते थे."

"दीदी, पापा तो पीते ही नहीं."

"बोलना पड़ता है."

"लेकिन कल पापा भी आएँगे. सामने बैठेंगे ना."

माझा बाप निदान मेलेला होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं. या पोरीचा बाप सतरंजीवर बसून, थोटा हात सदऱ्यात लपवून, आपल्याच लेकीच्या तोंडून ऐकणार होता. आणि शेवटी आमेन म्हणणार होता, कारण घरात तांदूळ नव्हते. मला एकदम माझी आई दिसली, तोंडावर पदर धरलेली. इतकी वर्षं मला वाटायचं ती रडतेय. ती रडत नव्हती. तिने पदराने आपलं तोंड दाबून धरलं होतं.

"घर जा, रोशनी," मी म्हणाले. "कल कुछ नहीं बोलना है."

तशीच एसटी पकडून पाड्यावर गेले. काकाला म्हटलं, भोपळा दे. त्याने का म्हणून विचारलं नाही. झोपडीवर चढला, सगळ्यात मोठा तोडला आणि माझ्या हातात दिला.

सकाळी हॉलमध्ये पाहुणे बसलेले. टेबल भरलेलं, स्टूल तयार. मी भोपळा घेऊन पुढे गेले आणि केक बाजूला सारून मधोमध ठेवला. आंटींचा हात लगेच आला. "अगं, हे खाली..."

मी दोन्ही हातांनी भोपळा धरून ठेवला. माइकची गरज नव्हती, लूमच्या आवाजात वाढलेय मी.

"हा मंगळ्याचा भोपळा आहे. मंगळ्या माझा बाप. तो दारू पीत नव्हता. इथे अंथरल्यात त्या सतरंज्या तो झटकायचा. मी उकिरड्यावरचं कधी खाल्लं नाही. रोशनीचा बापही पीत नाही, तो इथेच बसलाय. पाळकसाहेब, पहिली बोली तुम्ही लावायचात."

पाळकसाहेबांनी गीतांचं पुस्तक उघडलं आणि पानं उलटू लागले. पाहुणे एकमेकांकडे बघत होते. कुणीही बोली लावली नाही. रोशनीच्या बापाने मान वर केली नाही. मागून आई आली, माझं मनगट धरलं आणि मला ओढत बाहेर नेलं.

"काय केलंस गं? आता पंप कोण देल मना?"



सोमवारी गोडाऊनच्या गेटवर सुपरवायझर म्हणाला, "तेरी ड्युटी नहीं है. ऊपर से बोला है." आंटींचा फोन आला. त्या रडत होत्या, खरंच रडत होत्या. "आम्ही तुमच्यासाठी काय नाही केलं?" मी म्हटलं, "सगळं दिलंत. आमच्याकडून काही घेतलं नाहीत." त्यांना कळलं नाही. त्यांनी फोन ठेवला.

आई पंप हलवून बघते, शिल्लक आहे का ते. मी मानकोलीतल्या दुसऱ्या गोडाऊनच्या गेटांवर उभी राहते. सरकारी दवाखान्यात रांग लावते. भीती वाटते. रोज वाटते. लोक सांगतात, चर्च सोड, नाहीतर माफी माग.

दोन्ही करणार नाही. ते चर्च माझ्या बापाचं आहे. त्याने ते झाडलंय. गरिबाची सेवा करायची तर करा, जरूर करा. तांदूळ द्या, औषध द्या. पण त्याच्या मेलेल्या बापाला विकून ते देऊ नका. आणि तो काही घेऊन आला तर ते टेबलावर ठेवा. ज्याच्याकडून काहीच घ्यायचं नाही असं तुम्ही ठरवता, त्याला तुम्ही माणसातून काढलेलं असतं. मला माझ्या बापाच्या देवाने असं काही शिकवलेलं नाही.

पुढच्या रविवारी मी लवकर गेले. हॉल रिकामा होता. भोपळा टेबलाखाली पडलेला, आत भिंतीपर्यंत ढकललेला. मी तो काढला, ओढणीने पुसला आणि परत वर ठेवला. मग सतरंज्या बाहेर नेऊन झटकल्या, अंथरल्या आणि पहिल्या रांगेत बसले. आंटी आल्या, टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. भोपळ्याला हात लावला नाही.

नाताळला पाहुणे पुन्हा येणार आहेत. स्टूल पुन्हा बाहेर निघेल. त्यावर रोशनी चढणार नाही, दुसरं कुणाचंही पोर चढणार नाही. त्या स्टुलावर मीच बसून राहीन. ज्याला चढवायचं असेल त्याने आधी मला तिथून उचलून दाखवावं.