लाल टिक्क्याचे चाप

मोबाइलवर बंदुकीचा गेम खेळताना फोनच्या कडेला अडकवायचे दोन प्लास्टिकचे चाप आमचा दादा बनवायचा. त्यासाठी त्याने कर्ज काढून पोलादी साचा घडवून घेतला होता. त्याला आम्ही डाय म्हणायचो. गौलीगुड्यातल्या आमच्या खोलीत तिचा थाट नव्या सुनेचा. मी पडलो तरी चालेल, डाय पडता कामा नये.

खंडेनवमीला वहिनींनी डायची पूजा केली आणि पहिल्या जोडीलाही कुंकू लावलं. देवापुढची ती जोडी गडबडीत विक्रीच्या खोक्यात गेली. आठवड्याभरात कॉलेजची पोरं दारात हजर.

"अंकल, वो लाल टिक्केवाला देओ. दूसरा नक्को. हमारा दोस्त उसीच से जीता."

तेव्हापासून वहिनी प्रत्येक चापावर लाल रंगाचा ठिपका देऊ लागल्या. नामपल्लीच्या नुमाइशीत, त्या मोठ्या प्रदर्शनात, मी स्टुलावर चढून ओरडायचो, "आओ मियाँ, उंगली में बिजली भर लेव!" दादा लाजून पाठ फिरवायचा. सिकंदराबादचे दुकानदार माल न्यायला सकाळीच येऊन बसायचे.

मग एका संध्याकाळी तो गेमच देशात बंद झाला. दुसऱ्या गेमला हे चाप कोणी विचारीना. गेलेला माल खोकी भरभरून परत आला. "सुरू होईल," दादा म्हणायचा आणि डायला तेल द्यायचा. पुढच्या खंडेनवमीलाही तिची पूजा झाली. शेवटी त्याने भंगारवाल्याला बोलावलं.

डायवर कुंकवाचा जाड थर बसला होता. "साफ करके देओ, भाई," भंगारवाला म्हणाला. दादाने फडकं उचललं.

"अहो, कुंकू पुसायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "तशीच जाऊ द्या तिला."

दादाचा हात तिथेच थांबला. भंगारवाल्याने वहिनींकडे पाहिलं आणि डाय तशीच उचलली. त्याचे तळवे लाल झाले.

भंगारवाल्याचा टेंपो वळला तेव्हा दादा मला म्हणाला, "बोल की काहीतरी. नुमाइशीत तर तोंड थांबत नव्हतं तुझं."

मी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

आता दादा सिकंदराबादला एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नोकरी करतो. यंदा खंडेनवमीला त्याने पाटावर स्क्रू ड्रायव्हर ठेवला. वहिनींनी त्याला कुंकू लावलं.

"आता हा स्क्रू ड्रायव्हर कुठे निघाला?" मी विचारलं.

"कामावर," दादा म्हणाला. त्याने तो न पुसता पांढऱ्या शर्टाच्या खिशात घातला. खिशावर लाल डाग उमटला, आणि तसाच दादा बस पकडायला गेला.