कॅझ बोबाकची तोंडबंदी

अमेरिकेतल्या बफेलो शहरात, आमच्या गल्लीत कॅझ बोबाकचा आवाज कुणी कधी ऐकलाच नव्हता. शहराच्या वाचनालयात पुस्तकं लावण्यात त्याचा जन्म गेला. तिथे खोकायचाही भीतभीतच. साठलेला सगळा आवाज तो बेसबॉलच्या मैदानावर, फलंदाज पळत गाठतो त्या पहिल्या बेसमागच्या आपल्या ठरलेल्या खुर्चीवरून सोडायचा. तोही एकाच माणसावर, टकर हॅलोरनवर.

हॅलोरन म्हणजे एके काळी आमच्या संघाचा देव. चेंडू असा हाणायचा, की नदीपलीकडे कॅनडावाल्यांनी डोकी सांभाळावीत! पळायला मात्र महासुस्त.

"हॅलोरन, मागून गोगलगाय येतेय, वाट दे तिला!" कॅझ ओरडायचा. अख्ख्या मैदानाला ऐकू जायचं. दुसऱ्या कुणी हॅलोरनला नावं ठेवली, तर हाच कॅझ बाह्या सरसावून उठायचा, ती गोष्ट वेगळी.

या वसंतात म्हातारा हॅलोरन गेला. मैदानाच्या फाटकाशी लोकांनी फुलं ठेवली, टोप्या ठेवल्या, शेंगदाण्यांच्या पिशव्या ठेवल्या. कुणीतरी गरम सॉसेजही ठेवलं होतं. ते दुपारपर्यंत टिकलं नाही. खाणाऱ्याचं नाव मी घेणार नाही. पण त्याच्या मिशीला मोहरीची चटणी लागली होती.

क्लबने ठरवलं, की रविवारच्या सामन्याआधी हॅलोरनचं नाव फलंदाजीसाठी शेवटचं पुकारायचं, त्याची जागा रिकामी ठेवायची आणि मिनिटभर सगळ्यांनी गप्प उभं राहायचं.

गप्प! सगळ्यांच्या माना वळल्या त्या कॅझकडे. रविवारी मैदानावरच्या व्यवस्थापक प्रुइटबाई खास त्याच्या खुर्चीपाशी आल्या.

"मिस्टर बोबाक, त्या मिनिटात तुम्ही हूं जरी केलंत, तरी ही खुर्ची गेली म्हणून समजा."

कॅझने एखादं मूत्रपिंड हसत दिलं असतं, पण खुर्ची? त्याची बायको लोरेन हिने त्याच्या तोंडात सबंध प्रेट्झेल, तो वेटोळ्याचा खारा पाव, कोंबला. "चावू नकोस हं. नुसता धरून ठेव."

नाव पुकारलं गेलं. हॅलोरनच्या रिकाम्या जागेकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे कॅझकडे बघत होते. त्याचे गाल फुगले, कान लाल झाले, टोपी हलू लागली. पण गडी गप्प!

तेवढ्यात हॅलोरनच्या बायकोने, बर्डीबाईंनी, मैदानावरचा माइक हिसकावला.

"हे काय स्मशान मांडलंय? तो पहिल्या बेसमागचा बोंबल्या कुठाय? त्याचे टोमणे आमचे हे घरी येऊन मला ऐकवायचे आणि पोट धरधरून हसायचे. मेला की काय तोही?"

"ओरडा, ओरडा!" प्रुइटबाईच ओरडल्या. "मी सांगतेय ना!"

कॅझने प्रेट्झेल काढला, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. आवाज आला, "खिर्र." पुन्हा, "खिर्र." डोळ्यांतून मात्र धो धो धारा.

"अरे, बोल की लेका!" मागच्या रांगा ओरडल्या.

मग लोरेन खुर्चीवर चढली. लग्नापासून शेजारी बसून नुसतं ऐकलेलं, ते सगळं एकदम बाहेर आलं.

"हॅलोरन! स्वर्गाच्या दारात तरी पळत जा! मागे रांग खोळंबलीय!"

अख्खं मैदान खदाखदा हसलं. बर्डीबाई हसता हसता गवतावरच बसल्या.

"खुर्ची तुमचीच," डोळे पुसत प्रुइटबाई म्हणाल्या. "पण तिच्यावर बसायचं कुणी, ते आता घरी ठरवा."

ठरवायचं काय राहिलं होतं! सामना संपेपर्यंत लोरेन उभ्यानं पंचांचा उद्धार करत होती, आणि कॅझ तिचा घसा सुकू नये म्हणून लिंबू सरबताच्या रांगेत उभा होता.