जाळ्यांचा कोर्स

शिवणकामाची फॅक्टरी बंद झाली तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. ठाण्याहून इस्रायलमधल्या नेतिवोतला येऊन पंधरा वर्षं झाली होती, आणि त्यातली चौदा मी एकाच मशीनवर पायजम्यांच्या कमरा शिवण्यात घालवली होती. फॅक्टरीला कुलूप लागल्यावर आम्हा सगळ्या बायकांना लिश्केत, म्हणजे रोजगार कचेरीत, नाव नोंदवायला पाठवलं. तिथल्या कारकून बाईने मान वर न करताच विचारलं, "काय येतं?"

"मशीन," मी म्हटलं.

"रेशातोतचा कोर्स आहे. बेअर-शेवात, सहा महिने. शेवटी परीक्षा. पास झालीस तर जगात कुठेही चालणारं सर्टिफिकेट मिळतं. लिहू नाव?"

हिब्रूत रेशेत म्हणजे जाळी, रेशातोत म्हणजे जाळ्या. खिडकीला डासांसाठी लावतात ती रेशेत, आणि आमच्या आजूबाजूच्या शेतांत टोमॅटोवर ताणलेली असते तीही रेशेत. शिवणाऱ्या बाईला जाळ्या शिवायला पाठवताहेत, यात मला काहीच वावगं वाटलं नाही. मी म्हटलं, "लिहा."

आई आमच्याजवळच राहायची. तिचं लहानपण कोकणात खाडीच्या काठी गेलेलं. ती म्हणाली, "जाळ्यांना परीक्षा कसली गो? आमच्याकडच्या कोळणी विणायच्या, त्यांना कुठं कोण सर्टिफिकेट देत होता?" मलाही तोच प्रश्न पडला होता. पण या देशात प्रत्येक गोष्टीला कागद लागतो, एवढं तोवर कळलेलं होतं.

पहिल्या दिवशी मी पिशवीत कात्री, टेप आणि अंगुस्तान घेऊन गेले. खोलीत वीस कॉम्प्युटर मांडलेले. मला वाटलं, खोली चुकली. बाहेर येऊन दारावरचा कागद पुन्हा वाचला, कचेरीत जाऊन विचारलं. खोली बरोबर होती. कॉम्प्युटर एकमेकांना जोडतात त्यालाही रेशेतच म्हणतात, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

मी पिशवी उचलली. दाराजवळच्या खुर्चीवर कोट घातलेले, साठीला टेकलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी तुटक हिब्रूत विचारलं, "कुठे निघालात?"

"ही माझी जागा नाही."

"माझीही नाही," ते म्हणाले. "मी धरणं बांधणारा इंजिनिअर आहे. बसा."

मी बसले. हिब्रूत तू आणि तुम्ही असा फरक नसतो, पण मनातल्या मनात मी त्यांना पहिल्यापासून तुम्हीच म्हणत आले. रशियातून आल्यावर त्यांना सुपरमार्केटच्या दारात गिऱ्हाइकांच्या पिशव्या तपासायचं काम मिळालं होतं. सकाळी कोर्स, दुपारनंतर पिशव्या, असा त्यांचा दिवस.

शिकवणारा मास्तर आमच्या मुलांच्या वयाचा होता आणि भराभर बोलायचा. तो हिब्रूत सांगायचा, पुस्तक इंग्रजीत होतं, मी मराठीत लिहून घ्यायचे आणि इंजिनिअर रशियनमध्ये. त्यांना इंग्रजी अजिबात येत नव्हतं. माझं मॅट्रिकपर्यंतचं आणि टायपिंगच्या क्लासातलं इंग्रजी शाबूत होतं, पण आकडे दिसले की डोकं बंद. मग जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तकातलं एक वाक्य वाचायचे, ते माझ्या मोडक्या हिब्रूत सांगायचे. ते थोडा वेळ डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "हां, कळलं." माझ्याच तोंडून गेलेली, मला न कळलेली गोष्ट त्यांना कळलेली असायची. मग तीच गोष्ट ते मला परत समजावत बसायचे, त्यांच्या मोडक्या हिब्रूत.

एके दिवशी मास्तरने फळ्यावर 'मासेखा' असा शब्द लिहिला. मासेखा म्हणजे मुखवटा. आमच्या घरी कपाटावर पुठ्ठ्याच्या खोक्यांत चार मासेखा होत्या, विषारी वायूचा हल्ला झालाच तर तोंडावर चढवायच्या. सरकारने घरटी वाटलेल्या. मी घाबरून वहीत लिहिलं, 'कॉम्प्युटरलाही मास्क लावतात.' तासाभराने फळा एक आणि शून्यांनी भरून गेला, तरी मी त्या वायूतून बाहेर आले नव्हते.

इंजिनिअरांनी सुट्टीत वहीवर आठ चौकोन काढले. डावीकडचे तीन हाताने झाकले. म्हणाले, "हा कॉम्प्युटरचा पत्ता. झाकलेले गल्लीचे. उघडे घरांचे. जेवढी गल्ली जास्त, तेवढी घरं कमी."

"पण झाकायचे किती?"

"ते प्रश्नात सांगतात."

"मग मी काय करायचं?"

"मोजायचं."

मी बोटांवर मोजत राहिले. एक, दोन, चार, आठ, सोळा. बसमध्ये, कांदा चिरताना, शुक्रवारी संध्याकाळी शब्बातची मेणबत्ती लावल्यावरसुद्धा. आई म्हणाली, "दोन हजार साल लागलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, असं रेडिओवर सांगतात. मग शिकतेस कशाला?" मी पुढे मोजत राहिले, बत्तीस, चौसष्ट.

सगळ्यात मोठा घोळ झाला तो वायरीचा. एका केबलमध्ये आठ रंगांच्या बारीक तारा असतात, त्या ठरलेल्या क्रमाने लावून दोन्ही टोकांना प्लॅस्टिकचं बोंडूक बसवायचं. हाताचं काम म्हटल्यावर मला हुरूप आला. कागदावरचं चित्र समोर ठेवलं आणि क्रमाने तारा लावत गेले. मास्तरने केबल तपासणीच्या डबीला जोडली. एकामागून एक आठही दिवे पेटले. मग त्याने बोंडूक डोळ्यांजवळ नेलं.

"चालतंय," तो म्हणाला. "पण चूक आहे."

"चालतंय तर चूक कशी?"

"सगळे रंग उलटे लावलेस. उजवीकडून सुरू केलंस."

मी उजवीकडूनच सुरू केलं होतं. पंधरा वर्षं खपून मी हिब्रूसाठी उजवीकडून वाचायची सवय लावून घेतली होती, आणि आता या खोलीत डावीकडून म्हणत होते. मास्तर समजावू लागला, "दोन्ही टोकांना तू तीच चूक केलीस, म्हणून चालतंय. एक टोक दुसऱ्या कोणी लावलं असतं तर चाललं नसतं." वर्ग हसला. मी एक टोक कापून बरोबर क्रमाने लावलं. आता दिवे वेडेवाकडे पेटायला लागले. म्हणजे निम्मी चूक सुधारली तर होतं तेही गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इंजिनिअर मात्र हसले नव्हते. ते केबल हातात घेऊन बराच वेळ बघत बसले आणि मास्तरला म्हणाले, "हिची चूक नियमाला धरून होती." हे कौतुक होतं की काय, ते मला कळलं नाही. मी दुसरं टोकही कापलं.

परीक्षेच्या सकाळी आम्ही दोघं एकाच बसने बेअर-शेवाला गेलो. परीक्षा कॉम्प्युटरवर आणि सगळी इंग्रजीत. मी बोटं टेबलाखाली धरून मोजत होते. निम्मे प्रश्न मला कळले नाहीत, पण त्यातले बरेच पुस्तकात शब्दन् शब्द वाचलेले होते. वाक्य ओळखीचं दिसलं की त्याच्या शेजारचं ओळखीचं उत्तर मी निवडायचे. शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावर निकाल आला. पास. मी तीनदा वाचला.

इंजिनिअर माझ्यानंतर बाहेर आले. हातात कागद होता. "दोन प्रश्नांनी गेलो," ते म्हणाले, आणि माझा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी अभिनंदन केलं. मला कुठे बघावं ते समजेना. जे मला येत होतं ते सगळं त्यांनी शिकवलेलं, आणि पास मी झाले होते.

परतीच्या बसमध्ये त्यांनी खिशातून वही काढली.

"एक विचारू? 'अनलेस' म्हणजे काय?"

मी हिब्रूत सांगितलं, "एला इम."

"आणि 'नाईदर'?"

तेही सांगितलं. ते लिहून घेत होते. "चार प्रश्नांत होते हे शब्द," ते म्हणाले. "मला वाटलं, मशीनचं नाव असेल."

पुढचे दोन महिने मी आठवड्यातून दोनदा, त्यांच्या कामाच्या आधी, सुपरमार्केटच्या मागच्या बाकावर बसून त्यांना इंग्रजी प्रश्न वाचून दाखवले. उत्तरांकडे आम्ही बघायचोच नाही, फक्त प्रश्न काय विचारतो ते. दुसऱ्या खेपेला ते माझ्यापेक्षा जास्त गुणांनी पास झाले. पण त्या वयाच्या माणसाला कोणी काम दिलं नाही. वर्षभर ते पिशव्याच तपासत राहिले, मग मुलीकडे उत्तरेला गेले. एकदा फोन आला होता. त्यांनी घरातले दोन कॉम्प्युटर जोडले होते आणि नातवंडं त्यावर खेळत होती, असं सांगितलं. काम मिळालं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

मला गावातल्या शाळेत कॉम्प्युटरची देखभाल करायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी एक कपाट उघडून दिलं आणि ते निघून गेले. आत राखाडी वायरींचा गुंता होता, सगळ्या एकाच रंगाच्या, कशावर काही लिहिलेलं नाही. मी स्टूल ओढून समोर बसले. पुस्तकात असं कपाट कुठेच नव्हतं. शेवटी मी एक वायर ओढली. वरच्या मजल्यावरून एक बाई ओरडली, "माझं कोणी बंद केलं?"

मी वायर परत लावली, कागदाची पट्टी कापून तिच्यावर मराठीत लिहिलं, 'वरची ओरडणारी बाई', आणि दुसरी वायर हातात घेतली.