तीन अमेरिकन कादंबरीकार आणि बायकोच्या नाटकाचा शेवट

दसऱ्याचा दुसरा दिवस. ठरलेली रक्कम पंधरा हजार एक, पैकी बयाना पाच हजार एक, सोबत नारळ. हजर तिघे: झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीचे मालक, माझी बायको आणि मी. जागा, पवनीतली आमची समोरची खोली. बायकोने लिहिलेले पहिले नाटक वाचून मालकांनी ते लगेच घेतले.

मी राइस मिलमध्ये हिशेब बघतो. एम.ए. मात्र इंग्रजीत, बाहेरून केलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे अमेरिकन कादंबरीकार हे तेव्हापासूनचे वेड. बायको त्यांना सरसकट 'तुमचे दारुडे' म्हणते. तिच्या नाटकातली सून नवऱ्याचे घर सोडते, मोहाडीच्या बाजारात बांगड्यांचे दुकान टाकते आणि परत येत नाही. तिचे वाईट काही होत नाही, आणि तिथेच पडदा पडतो.

आठ दिवसांनी मालक पुन्हा आले. खुर्चीच्या टोकावर बसले.

"वैनी, नाटक एक नंबर आहे. फक्त शेवटी सून परत आली पायजे. नवऱ्याच्या पाया पडते, पब्लिक रडते, पडदा. नाहीतर मरू द्या तिले."

"काहून मरू देऊ? तिनं काय केलं?"

"पब्लिकले शिक्षा पायजे ना, वैनी."

"मागच्या साली तुमच्या नाटकात भेटली ना पब्लिकले शिक्षा."

मालक हसले. उद्या सांगा म्हणून उठले.

माझे मत, शेवट बदलावा. तसे मी बोललोही. बायको म्हणाली, "अजी, तुमच्या दारुड्यायनं अशा वक्ताले काय केलं?"

असे तिने पहिल्यांदाच विचारले होते. मी सुरू झालो तो थांबेना.

एक जण गरीब घरचा, वर्तमानपत्रात बातम्या लिहिणारा. त्याच्या पहिल्या कादंबरीतली मुलगी लग्नाशिवाय पुरुषांसोबत राहते आणि तरी वर चढत जाते. प्रकाशकाने पुस्तक नाखुशीने छापले आणि ते खपवायला हात लावला नाही. हा माणूस मनाने इतका खचला की दुसरी कादंबरी यायला बरीच वर्षे गेली. दुसरा देखणा, सगळ्यांचा लाडका. मासिकांना आवडतील अशा कथा लिहायचा, भरपूर कमवायचा आणि त्याहून जास्त उडवायचा. दारू, बायकोचे दुखणे, उधारी. स्वतःच्या मनाने लिहिलेली कादंबरी तेव्हा फारशी खपली नाही. चाळिशीतच गेला. तिसरी बाई, श्रीमंत घरची. आपल्याच माणसांच्या बंद खोल्यांतले लिहिले. नवरा सुटला, आणि नातेवाइकांनी तिच्या पुस्तकांचा विषयही कधी काढला नाही.

सांगता सांगता मी उभा राहिलो. इतकी वर्षे मी यांच्या धाडसाची तुलना करत आलो, दुःखाचीही. पण दोन्ही रकाने शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते.

"अगं, धाडस करणारा बुडाला म्हणून आपण घाबरतो. पण लोकांच्या मनासारखं लिहिणाराही बुडालाच की! मग मन मारून त्यानं वाचवलं काय? आणि आज त्याचं जे वाचतात, ते त्यानं स्वतःच्या मनानं लिहिलेलं!"

"एवढ्या जोरानं काहून बोलता? मी इथंच आहो."

"बयाना परत करून टाकू."

बयान्यासोबतचा नारळ आणायला ती देवाजवळ गेली. नारळ नव्हता. आमच्याकडे बयान्याचा नारळ खेळाच्या दिवसापर्यंत देवापुढे ठेवतात. तो फुटला की सौदा पक्का, मग कोणी मागे फिरत नाही. खराब होईल म्हणून तो रविवारी मीच फोडला होता. वांग्याच्या भाजीत गेला.

सकाळी मालकांना हे सांगितले तेव्हा ते खूश झाले. "नारळ फुटला ना? मंग सौदा पक्का. आता लिवा नवा शेवट."

"पक्का तं दोघायचा पक्का," बायको म्हणाली. "नारळ देतानी शेवटाचा शब्द काढला होता काय तुमी? जे वाचलं तेच घेतलं."

"भाऊ, तुमी हिशेबाचे माणूस. समजावा वैनीले."

"हिशेबच सांगतो, मालक. पंधरा हजार एक ठरले ते तिच्या शेवटासकट."

मालकांनी डोके खाजवले. "वांग्यात टाकला म्हणता? भाऊ, आमचं नाटकच खाऊन बसले तुमी."

पहिला खेळ आसगावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, झाला. नाटकातल्या बाईने दुकानाचे शटर वर ओढले आणि पडदा पडला. मांडवात आवाज नाही. मग बायकांच्या बाजूने कोणीतरी ओरडले, "बरं केलं वं बाई!" आणि टाळ्या पडल्या त्या थांबेनात. बायकोने माझे मनगट इतके घट्ट धरले की घड्याळाचा पट्टा रुतला.

दुसऱ्या दिवशी मालक घरी आले. पुढच्या दोन गावांनी हेच नाटक मागितले होते, याच शेवटाचे. सवयीने त्यांनी नोटा माझ्यापुढे धरल्या. मी हात मागे घेतला. उरलेले दहा हजार रुपये, पूर्ण, लेखिकेच्या हातात दिले गेले.