बैलाला आलेला वास

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला आणि आमच्या घरातले अंगारे-धुपारे, भूतखेत सगळं हद्दपार झालं. मेलेली ढोरं ओढायचं काम त्यांनी त्याच दिवशी सोडलं. मी तेव्हा दहा वर्षांचा. मेल्या जनावराला मी जन्मात हात लावलेला नाही... हे ध्यानात ठेवा, सगळी भानगड इथंच आहे.

साल अडुसष्ट. पलूसजवळच्या एका गावात, जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागून मला महिना झाला होता. नोकरी कच्ची. सकाळी दहाच्या सुमाराला आप्पा – गावातले मोठे ऊसवाले – खांदा सुजलेला खिलार बैल घेऊन आले. मी मलम घेऊन पुढं झालो. बैलानं नाक वर करून वास घेतला आणि एकदम डोळे पांढरे केले. चारी पाय लटलट कापायला लागले, दाव्याला हिसडे देत तो मागं सरला.

आप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "डाक्टर, ह्याला बाजूला करा. ढोरं वढणाऱ्यांच्या अंगालाच वास असतोय. मुक्या जनावराला कळतंय ते."

कोणीतरी फिदीफिदी हसलं. डॉक्टर हळू आवाजात मला म्हणाले, "जनावरं वासाला भेदरतात रे. असं रोज व्हायला लागलं तर मला वर कळवावं लागेल."

माझं डोकंच फिरलं. भर अंगणात खाकी सदरा काढून फेकला.

"अंगाला वास हाय न्हवं, आप्पा? मग उघडाच जातो!"

गेलो. शिंगं छातीपासून वीतभर लांब. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण बैलानं मला गळ्यापासून कमरेपर्यंत हुंगलं आणि खरखरीत जिभेनं माझा खांदा चाटायला लागला! सदरा परत घातला, तरी तसाच शांत. मी मलम लावलं.

"आण ते दावं हिकडं," म्हणत आप्पा चिडून पुढं आले. अन् काय सांगू... त्यांनी हातानं वाढवलेला तो बैल त्यांना बघून तसाच कापायला लागला. डोळे पांढरे, पाय लटलट. आप्पा घरी जाऊन आंघोळ करून, कपडे बदलून दुपारी परत आले. तरी तेच.

डॉक्टरांनी आम्हा दोघांचा वास घेतला. माझ्या अंगाला फिनेल, आप्पांच्या अंगाला साबण. बस्स.

"ह्यानंच करणी केली," अशी कुजबुज झाली. मी तोंडावर सांगितलं, "खुळ्यागत बोलू नका. करणी आमच्या घरात चालत न्हाई."

त्या बैलानं आप्पांना पुन्हा कधी जवळ येऊ दिलं नाही. शेवटी विकला. चाळीस वर्षं जनावरांत काढली मी, तरी त्याला कसला वास आला, आणि तो माझ्यावरून आप्पांवर कसा गेला, हे आजही मला सांगता येत नाही. भुताचं नाव मात्र मी घेणार नाही.

आप्पांची बाकीची जनावरं त्यांना भीत नव्हती. पण त्यानंतर ते दवाखान्यात आले की फाटकाबाहेरच थांबायचे, दावं लांबूनच माझ्याकडं टाकायचे.

मी म्हणायचो, "आवं आप्पा, आत या की. इथं कुणालाबी मनाई न्हाई."